सायलेन्सर कशाने धरलाय?

बैलगाडीला नाव बैलावरून मिळालं, आगगाडीला आगीवरून. मोटारसायकल आली तेव्हा मराठीने तिच्या चाकांकडे किंवा वेगाकडे न बघता धुराच्या नळीला कान लावला आणि तिला फटफटी म्हटलं. तेव्हापासून या नळीचा एक स्वतंत्र शब्दसंग्रह आपल्याकडे साठत गेला आहे: बेंड, बाटली, जाळी, पुंगळी. आज तिच्याबद्दल छापून येतं ते मात्र एकाच विषयावर, मोठ्या आवाजावर. बाहेरून आणून बसवलेल्या सायलेन्सरला आणखी एक आवाज असतो. तो मालकाने मागितलेला नसतो आणि त्याचे पैसेही त्याने दिलेले नसतात. गाडी थांबलेली असताना बारीक खुळखुळ, खड्ड्यातून गेली की खडखड, आणि एका ठरावीक वेगाला पत्र्याच्या डब्यात चमचा फिरवल्यासारखी किणकिण. पाना घेऊन नट आवळले की हा आवाज आठवडाभर जातो आणि परत येतो. सर्वसाधारण समज असा की हौशी पोरांनी स्वस्तातला माल घेतला, त्याची ही फळं. मला हे निदान अपुरं वाटतं. बाहेरच्या सायलेन्सरचा आपल्याकडचा धंदा दुरुस्तीच्या गरजेतून उभा राहिला. त्या धंद्याने बाटली बनवायची विद्या मिळवली, पण ती गाडीला धरायची विद्या कंपनीकडेच राहिली. खुळखुळ हा त्या अर्धवट वारशाचा आवाज आहे, आणि तो नेमका कुठून येतो हे पाहिलं की धंद्याचा इतिहासही दिसू लागतो.

सायलेन्सर म्हणून आपण जी लांबट बाटली ओळखतो ती एकटी नसते. इंजिनाच्या हेडमधून किंवा सिलिंडरमधून निघणारा वाकडा पाइप म्हणजे बेंड. बेंडच्या शेपटावर बाटली चढवून क्लॅम्पने आवळतात, आणि बाटलीला जोडलेली एक पट्टी चासीला बोल्टने धरते. म्हणजे धरायच्या जागा तीन. पहिल्या जागेसाठी प्रत्येक कंपनीची युक्ती वेगळी होती. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये बेंड हेडच्या भोकात नुसता दाबून बसवलेला असे. तिथे आटे नाहीत, नट नाही, त्याला जागेवर ठेवायचं काम खालच्या पट्टीचं. जावा आणि येझदीमध्ये पोर्टवर आटे आणि त्यांवर खाचांचा मोठा गोल नट, जो फिरवायला आकडीचा पाना लागतो. यामाहा आरएक्स १००मध्ये दोन बोल्टची चकती आणि आत पॅकिंगची रिंग. यातली एकही जागा कायमची निर्धास्त नसते. बुलेट ३५०चा एकच सिलिंडर, व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर गाडी उभी असली तरी मिनिटाला ५०० स्फोट होतात आणि त्यांचा धक्का तोलायला शेजारी दुसरा सिलिंडर नसतो. त्यात उष्णता. साधं पोलाद मीटरमागे दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. मीटरभर नळी ३०० अंशांनी तापली तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांब होते. स्टेनलेसची असेल तर पाचाच्या घरात. म्हणून मागच्या पट्टीला एकाच वेळी घट्टही धरावं लागतं आणि सरकूही द्यावं लागतं. कंपनीने त्यासाठी रबरी बुश दिला, आणि बुशाच्या पोटात अर्ध्या बोटाएवढी पोलादी नळकांडी. ही नळकांडी रबरापेक्षा किंचित लांब ठेवलेली असते. बोल्ट कितीही आवळला तरी त्याचं वायसर नळकांडीवर टेकतं, रबर चेपत नाही. सायलेन्सर रबरावर तरंगत राहतो आणि बोल्ट मात्र पक्का. ही नळकांडी हरवली की दोनच गोष्टी होतात. बोल्ट आवळावा तर रबर पापडासारखं चपटं होतं, सैल ठेवावा तर नट महिन्याभरात रस्त्यावर पडतो.

आता ही नळकांडी बाजारात का आली नाही, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘डिस्पोजल’च्या मालात लष्करी मोटारसायकली मुलकी हातांत आल्या: बीएसए एम २०, नॉर्टन १६ एच, अमेरिकन हार्ले. दिल्लीत हार्लेच्या इंजिनांवर तीनचाकी फटफट सेवा उभी राहिली आणि १९९८पर्यंत तग धरून होती. या गाड्यांना सुटे भाग पुरवणारं लष्कर निघून गेलं होतं. पुढे आयातीवर निर्बंध आले आणि गाड्या इथेच बनू लागल्या. १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली. मुंबईत जावा आयात करणाऱ्या इराणी मंडळींनी १९६०च्या सुमारास म्हैसूरला आयडियल जावा काढली. १९६२मध्ये एस्कॉर्ट्सची राजदूत आली, जिचं मूळ पोलंडच्या एसएचएल या गाडीत. तीन गाड्या, तीन देशांची घराणी, आणि तिघींचं एक साम्य: पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या मूळ रचनेत फारसा बदल झाला नाही. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, आणि ज्याला गाडीच वेळेवर मिळत नव्हती त्याला तिचा सायलेन्सर तरी कुठून मिळणार? शिवाय सायलेन्सर हा गाडीतला सगळ्यात आधी मरणारा भाग. पेट्रोल जळताना त्यातला हायड्रोजन पाणी होतो; लिटरभर पेट्रोलमागे लिटरभर पाणी तयार होतं. लांब पल्ल्याला ते वाफ होऊन निघून जातं. घर ते कचेरी एवढ्याच फेऱ्या असल्या की ते बाटलीच्या तळाशी साचतं, काजळीतल्या आम्लाशी मिसळतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून निकल चकचकीत असताना आतल्या, आवाज दाबणाऱ्या जाळीचा वेल्डिंगचा डाग तुटतो आणि जाळी सुटी होऊन वाजू लागते. पहिली खुळखुळ कंपनीच्याच सायलेन्सरची होती. हौस त्या गल्लीत अजून पोचायची होती.

टू-स्ट्रोक गाड्यांनी या दुरुस्तीला नियमित गिऱ्हाईक दिलं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं, ते अर्धवट जळून चिकट काजळी होई आणि सायलेन्सर ‘चोक’ व्हायचा. गाडी चढावर दम टाकू लागली की मिस्त्री आधी सायलेन्सरच्या तोंडावर हात धरून वारा बघत. जावा-येझदीच्या बाटलीचं शेपूट उघडता येई आणि आतली जाळी ओढून काढता येई, कारण तिची साफसफाई करावी लागणार हे कंपनीच धरून चालली होती. स्कूटरचे सायलेन्सर बंद डब्यासारखे. ते काढून भट्टीत किंवा गॅसच्या ज्योतीवर भाजायचे, लाल झाले की आपटून काजळी झाडायची, कधी कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवायचे. पत्रा दर वेळी थोडा पातळ होई. भाजून आणलेला सायलेन्सर पूर्वीइतका गप्प राहत नसे, आणि चिकटून बसलेली जाळी काढली तर परत आत जाईलच असंही नसे. अशी जाळी ताकावरच्या लोण्यासारखी अलगद हाती येत नाही. छिन्नी लावावी लागते, ती मोडते. मोडकी जाळी परत बसवली तर वाजते, नाही बसवली तर गाडी वाजते. दुसरा पर्याय फुकट होता. जाळीशिवायची गाडी सुरुवातीला मोकळी झाल्यासारखी वाटे, कारण आधी ती चोक होती आणि तुलना त्या चोक गाडीशी होत असे. टू-स्ट्रोकमध्ये बाहेर गेलेली दाबाची लाट परत फिरून ताजं मिश्रण आत ढकलते, त्यामुळे जाळी आणि शेपटाची नळी काढली की खालच्या वेगातली ओढ कमी होते. पण आवाज वाढला की ताकद वाढली हा समज तोवर रुजला होता. तो रुजायला कुठल्या शर्यतीची गरज पडली नाही. चोक सायलेन्सर पुरेसा होता. ‘पुंगळी काढलेली गाडी’ हा शब्दप्रयोग मला याच दुरुस्तीची आठवण वाटते: आधी काहीतरी काढलं जाई, बसवलं जाणं नंतरचं.

जिथे भाजून उपयोग नाही तिथे नवी बाटली हवी. ती शहरांतल्या बाजारांत बनू लागली. दिल्लीचं करोलबाग, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, बंगळुरूचा जेसी रोड, चेन्नईचं पुदुपेट, पुण्यातली नाना पेठ, हे दुचाकीच्या सुट्या भागांचे जुने पेठबाजार; यांतल्या काही ठिकाणी माल बने, काही ठिकाणी फक्त विकला जाई. बाटली बनवण्याची रीत समजण्यासारखी आहे. जुनी बाटली नमुना म्हणून समोर ठेवायची, पत्रा गोल वळवायचा, शिवण गॅस वेल्डिंगने सांधायची, आत भोकांची नळी घालायची, दोन टोकं चढवायची आणि निकल मारायचं. डोळ्याला दिसतं ते सगळं यात उतरतं. न उतरणाऱ्या गोष्टी म्हणजे पत्र्याची जाडी, पट्टीचं कोनातलं वळण, बेंडवर चढणाऱ्या तोंडाचा अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब, आणि अर्थातच गाडीवरच राहून गेलेला बुश. नमुना म्हणून आलेली बाटली गाडीवरून काढून आणलेली असायची. बुश आणि नळकांडी चासीवर, नाहीतर मालकाच्या खिशात. कारागिराने जे पाहिलं ते त्याने हुबेहूब केलं. त्यात एकच बाटली पाच-सात सालांच्या गाड्यांना चालावी म्हणून पट्टीचं भोक लांबट ठेवलं गेलं किंवा पट्टी हाताने वाकवता येईल अशी नरम. मग ही बाटली बसवायची जबाबदारी पडली फिटरवर, आणि खरं डोकं तिथे चाललं. तोंड मोठं असेल तर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बेंडभोवती गुंडाळायचा आणि वर क्लॅम्प. बुश नसेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी दुहेरी-तिहेरी करून घालायची. नळकांडीच्या जागी जाड वायसरांची चळत. हेडच्या तोंडाशी धूर मारत असेल तर ॲस्बेस्टॉसच्या दोरीचे दोन वेढे. आटे गेले असतील तर डाय मारायचा, नाहीतर एक नंबर मोठा बोल्ट. पट्टी ज्या पत्र्याला सांधली आहे तो पातळ, त्यामुळे चीर वेल्डिंगला जात नाही, वेल्डिंगच्या कडेने पत्र्याला जाते. म्हणून खाली ठिगळ घालून पितळ लावायचं, कारण पितळ कमी उष्णतेत धरतं आणि पत्रा जळत नाही. या साऱ्या करामतींकडे जुगाड म्हणून कौतुकाने किंवा तुच्छतेने बघायची पद्धत आहे. मला त्या कंपनीच्या ड्रॉइंगमधल्या हरवलेल्या पानाची भरपाई वाटतात. ट्यूबची पट्टी पहिल्या उन्हाळ्यात वितळते, वायसरांची चळत सरकते, आणि गिऱ्हाईक परत येतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. दुरुस्तीचा एवढा पाल्हाळ कशाला, बाजारातल्या सायलेन्सरांची नावंच सांगतात की मामला हौसेचा आहे. मेगाफोन, शार्क, डॉल्फिन, पंजाब, इंदोरी, आणि या सगळ्यांचा थोरला भाऊ गोल्डस्टार. आक्षेपात तथ्य आहे, आणि गोल्डस्टारची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. इंग्लंडात सरे परगण्यात ब्रुकलँड्स नावाचा शर्यतींचा ट्रॅक होता, १९०७ साली सुरू झालेला. तिथे मोटारसायकलवर ताशी १०० मैलांची फेरी मारणाऱ्याला सोन्याचा तारा मिळत असे. १९३७मध्ये वॉल हँडली या शर्यतपटूने बीएसएच्या गाडीवर तो मिळवला आणि कंपनीने पुढच्या वर्षी आपल्या गाडीलाच गोल्ड स्टार नाव दिलं. १९५०च्या दशकातल्या गोल्ड स्टारचा सायलेन्सर तिच्या आवाजाइतकाच देखणा होता, आणि त्या ठेवणीची बाटली आपल्याकडे बुलेटसाठी गोल्डस्टार म्हणून विकली जाऊ लागली. गंमत अशी की ज्या ब्रुकलँड्सवरून हे नाव आलं, तिथे शेजारच्या रहिवाशांनी आवाजाविरुद्ध तक्रारी केल्या, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि १९२०च्या दशकातच शर्यतीच्या गाड्यांना मोठे सायलेन्सर सक्तीचे झाले. इंग्रजी मोटारसायकलच्या इतिहासात ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणतात ते तेच डबे. म्हणजे सायलेन्सरच्या सक्तीसाठी नावाजलेल्या जागेचा तारा आपल्याकडे मोकळ्या आवाजाच्या बाटलीवर येऊन बसला. आता या उदाहरणाने आक्षेप सिद्ध होतो की माझं म्हणणं? नाव प्रवास करून आलं, बाहेरची ठेवण आली. आतली रचना आली नाही, आणि धरायची तऱ्हा तर येणं शक्यच नव्हतं, कारण गाडी वेगळी, चासी वेगळी. हौसेने नमुना निवडला हे मी मान्य करतो. पण तो नमुना उतरवू शकणारे हात, भट्टी, पत्रा आणि पेठ हौस येण्याआधी तयार होती. गंजलेल्या बाटल्यांच्या बदल्यांवर वाढलेला कारखानाच गोल्डस्टार बनवू शकला. आणि गोल्डस्टारही अगदी तशीच खुळखुळते जशी साधी बदली बाटली, त्याच तीन जागांतून.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: माल स्वस्त म्हणून सैल. महाग घ्या, प्रश्न मिटला. हे अनुभवाला टिकत नाही. भारी किमतीचा स्टेनलेसचा सायलेन्सर घेतला की त्याची आतली कारागिरी सुबक असते यात शंका नाही, पण तो जास्त लांबतो हे वर आलंच आहे, आणि त्याच्या पट्टीखाली कंपनीच्या बुशाऐवजी नुसतं वायसर घातलं तर तोही पंधरा दिवसांत गाऊ लागतो. शर्यतीच्या गाड्यांनी या प्रश्नाला वेगळं उत्तर शोधलं होतं. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात टू-स्ट्रोकच्या फुगीर एग्झॉस्टचं शास्त्र पक्कं केलं. १९६१मध्ये त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीला जाऊन मिळाला आणि ती विद्या जपानमार्गे जगभर पसरली. हे फुगीर डबे पातळ पत्र्याचे, नट आवळून धरले तर चिरणारे. त्यामुळे शर्यतीच्या एग्झॉस्टमध्ये सांधे एकमेकांत सरकते ठेवून स्प्रिंगांनी ओढून धरायची पद्धत रूढ झाली. स्प्रिंगही थरथरून वाजतात, म्हणून त्यांच्यावर सिलिकॉनचा लेप. म्हणजे जिथे पैशाला तोटा नव्हता तिथेही सांधा आवळून टाकणं हा उपाय मानला गेला नाही. सांध्याला किती हलू द्यायचं हे ठरवणं हा मानला गेला. काचेच्या लोकरीचे सायलेन्सर घ्या: भोकांची नळी आणि भोवती लोकर. लोकर जळून, उडून कमी होत जाते, नळीला टेकू राहत नाही आणि ती आत थरथरते. बाहेरचे सगळे नट आवळून झाले तरी हा आवाज जात नाही, कारण दोष पोटात आहे. किंमत हा यातला एक घटक आहे, पण किमतीने धरण्याची जागा विकत मिळत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. दुरुस्तीची गरज संपून आता दोन पिढ्या होत आल्या, मग हा धंदा अजून का चालतो? १९८५मध्ये हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली. तिचा सायलेन्सर चोक होण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच साली आलेली आरएक्स १०० मात्र टू-स्ट्रोक, आणि ती १९९६पर्यंत बनली. तिच्या सायलेन्सरवर हात चालवणारी एक पिढी त्यामुळे टिकून राहिली. येझदीही १९९६लाच थांबली. २०००च्या धुराच्या निकषांनी टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा रस्ता जवळजवळ बंद केला. बुलेटचं जुनं कास्ट आयर्न इंजिन जाऊन नवं आलं तेव्हा जुना ठेका हरवल्याची तक्रार झाली, आणि बाहेरच्या बाटलीला अगदी नवं कारण मिळालं: ती गंजली म्हणून बदलायची गरज उरली नव्हती, आता ती गप्प आहे म्हणून बदलायची. एप्रिल २०२०पासून बीएस-६ आल्यावर एग्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर सर्रास नांदू लागले. बाटलीच्या आड दडलेल्या कन्व्हर्टरच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीत प्लॅटिनम गटातले धातू असतात. ती काढून नळी सरळ केली तर धुराचा हिशेबच चुकतो. तेव्हा आज हा धंदा मुख्यतः हौसेवर चालतो, हे मान्य करायला मला अडचण नाही. कायदाही त्याच नजरेने बघतो. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२०वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघतानाची मर्यादा ८० डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७. ही मोजणी धावत्या गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून होते. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६पासून पुण्यात, वेताळ टेकडीवर. आणि ती मर्यादा ओलांडणाऱ्या पुंगळ्यांचा बाजार त्याच शहरात, नाना पेठेत. कलम ५२प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनमानी बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर आवाज-धुराचे निकष मोडल्याबद्दल कलम १९०(२)खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दवाखान्यासमोरून रात्री एक वाजता फटाके फोडत जाणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. माझा मुद्दा एवढाच की कारण बदललं तरी कारागिरी बदलली नाही. गरजेच्या काळात पेठेला धरायची जागा बनवता आली नव्हती, हौसेच्या काळात तिने ती शिकून घेतली नाही. ऑनलाइन मागवलेल्या चकचकीत खोक्यातही बाटली असते, क्लॅम्प असतो, आणि बुशाची पुडी बहुधा नसते. गरज संपल्यावरही जुनीच उणीव जशीच्या तशी पुढे चालते, हा माझ्या म्हणण्याला विरोध नसून त्याचा पुरावाच आहे.

जाणता फिटर हे सारं इतिहास म्हणून सांगणार नाही, पण त्याच्या हाताच्या क्रमात ते दिसतं. नवशिका आधी मागचा बोल्ट आवळतो, कारण तो समोर असतो, मग क्लॅम्प, आणि शेवटी हेडकडचा सांधा ओढून-ताणून जमवतो. असा बसवलेला सायलेन्सर थंड असतानाच ताणात असतो, तापला की ताण वाढतो आणि पट्टीच्या कडेला चीर जाते. जाणता माणूस तिन्ही जागा आधी सैल लावतो. हेडकडे नवं पॅकिंग घालून बेंड सरळ बसवतो, बाटली हाताने हलवून तिला स्वतःची जागा सापडू देतो, पट्टीचं भोक बोल्टसमोर आपसूक येतं का ते बघतो. येत नसेल तर बाटली ओढण्याऐवजी पट्टी वाकवतो. मग हेडपासून मागे येत आवळतो, गाडी दहा मिनिटं चालवून तापवतो, थंड होऊ देतो आणि पुन्हा एकदा आवळतो, कारण पहिल्या तापण्यात पॅकिंग दबतं. आवाज कुठून येतो ते शोधायला बंद गाडीची गार बाटली तळहाताने थोपटतो: आतून खुळखुळलं तर जाळी, बाहेरून किणकिणलं तर उष्णतेपासून पाय वाचवणारी पत्र्याची पट्टी, आणि काहीच नाही पण गाडी चालू केल्यावर टकटक असेल तर हेडचा सांधा धूर मारतोय. अर्ध्या तासाचं काम, आणि त्यातलं निम्मं बसून बघण्याचं.

महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या बाटल्या रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला आहे. त्यानंतर गाडीवर कंपनीचा सायलेन्सर परत चढवावा लागतो. तो घरी माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला सापडतो. त्याचा बुश आणि आतली नळकांडी सापडत नाही. ती शोरूममधून नव्याने आणावी लागते, आणि तेवढी आणली की गाडी वाजायची थांबते.